निळ्या चिखलाचा धडा : कॉमस्टॉक खाणीचे भूविज्ञान

प्रयोगशाळेत खडकांचे नमुने हाती घेतले की विद्यार्थी आम्हांस हमखास एक प्रश्न विचारतात : "सर, यात सोने आहे का?" तासाच्या घाईत या प्रश्नाचे उत्तर अपुरे राहते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते आम्ही थोडे विस्ताराने देत आहोत. माजी विद्यार्थ्यांना त्यातून भूगोलाचा तास आठवावा आणि पालकांना पाल्यांशी बोलण्यास एक विषय मिळावा, एवढीच अपेक्षा. उदाहरणादाखल अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील कॉमस्टॉक ही सोन्याचांदीची ऐतिहासिक खाण आम्ही निवडली आहे.

१८५९ साली डेव्हिडसन पर्वताच्या उतारावर पीटर ओ'रायली व पॅट्रिक मॅकलॉफ्लिन हे दोन खाणकामगार माती धुऊन सोन्याचे कण वेचीत होते. सोने मिळत होते. परंतु त्याबरोबर येणारा एक जड, निळसर काळा चिखल त्यांच्या कामात सारखा अडथळा आणी. वैतागून ते तो बाजूला फेकून देत. पुढे त्याचा नमुना कॅलिफोर्नियात परीक्षणासाठी गेला, तेव्हा उलगडा झाला : तो चिखल म्हणजे चांदीचे समृद्ध धातुक होते. अंगावरची घाण म्हणून जे झटकले जात होते, त्यातील चांदीचे मोल वेचलेल्या सोन्याहून अधिक भरले. त्या मोलाची पुरती कल्पना येण्यापूर्वीच मॅकलॉफ्लिनने आपला हिस्सा ३,५०० डॉलरला विकला. ज्याच्या नावाने खाण ओळखली जाते, त्या हेन्री कॉमस्टॉकने आपला हिस्सा ११,००० डॉलरला दिला. या परिसरात चांदी आहे हे ग्रॉश नावाच्या दोन भावांनी त्यापूर्वीच ओळखले होते. पण १८५७ साली दोघेही मृत्यू पावले आणि त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले.

ही संपत्ती तेथे आली कशी? तो प्रदेश ज्वालामुखीचा. अँडेसाइट जातीच्या लाव्हाचे जाड थर तेथे साचले होते. पुढे भूकवचाला ताण बसून एक मोठा प्रस्तरभंग निर्माण झाला. सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी या भेगेतून तप्त पाणी वर चढू लागले. त्यात जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी होते आणि खोल शिलारसातून सुटलेल्या पाण्याचाही अंश होता. खोलवर, प्रचंड दाबाखाली, अशा पाण्यात सोने व चांदी गंधक आणि क्लोरीन यांच्या संयुगांच्या रूपाने विरघळून राहते. पाणी वर आले की दाब घटतो, ते उकळू लागते, वायू निसटतात आणि धातू धरून ठेवण्याची त्याची शक्ती संपते. मग गारगोटीबरोबर धातूही भेगेच्या भिंतींवर जमू लागतो. उकळत्या चहाच्या भांड्याच्या कडेला जसा थर धरतो, तसेच हे. मात्र येथे हे काम दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा घडत राहिले. अशा रीतीने सुमारे चार किलोमीटर लांबीची धातुशिरा तयार झाली.

वर सोने आणि खाली निळा चिखल, हा भेदही खडकानेच केलेला. पृष्ठभागाजवळ हवा व पाणी यांच्यामुळे गंधकयुक्त खनिजे कुजतात. सोने कुजत नाही; ते मोकळ्या कणांच्या रूपाने मागे उरते. थोडे खाली, हवा पोचत नाही तेथे, चांदीची गंधकयुक्त खनिजे जशीच्या तशी राहतात. त्यांचाच तो काळसर निळा रंग.

खडक वाचण्यात केवळ अडाणी कामगार चुकले असे मात्र कोणी समजू नये. थोर जर्मन भूवैज्ञानिक रिश्टहोफेन यांनी येथील हिरवट खडकाला 'प्रॉपिलाइट' असे नाव देऊन तो स्वतंत्र खडक मानला. तो त्याच उष्ण पाण्याने रूप पालटलेला अँडेसाइट आहे, हे जॉर्ज बेकर यांनी १८८२ साली सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले. शिवाय धातू शिरेत सर्वत्र सारखा पसरलेला नव्हता. मध्ये पुष्कळसा वांझ खडक आणि कोठे तरी एक भांडार, अशी ही रचना होती. १८७३ सालचे प्रसिद्ध 'बिग बोनान्झा' भांडार सुमारे १,२०० फूट खोलीवर हाती लागले.

या खाणीतून एकूण सुमारे ६,००० टन चांदी व अडीचशे टनांहून अधिक सोने निघाले. त्याची किंमत कोणी मोजली, तेही मुलांना सांगितले पाहिजे. धातुक मऊ आणि शीर रुंद असल्याने छत कोसळे. म्हणून १८६० साली फिलिप डायडेसहायमर यांनी लाकडी चौकटींची रचना योजली आणि तिच्यासाठी सिएरा नेवाडाची अरण्ये तुटली. इंधनासाठी पिन्यॉन वृक्ष तोडले गेले. त्यांच्या बिया हे वॉशो व पायूट या मूळ रहिवाशांचे अन्न होते. तीन हजार फुटांखाली सुमारे ७५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी खाणीत शिरे आणि त्या उष्णतेत कामगार आळीपाळीने काही मिनिटेच काम करू शकत. चांदी वेगळी करताना वापरलेला हजारो टन पारा कार्सन नदीच्या खोऱ्यात गेला. त्या गाळात तो आजही आहे.

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे वळू. आपला दख्खनचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. त्यातील पोकळ्यांत खनिजयुक्त पाण्याने गारगोटी व झिओलाइटचे सुंदर स्फटिक साचवले आहेत. विहीर खोदताना ते अनेकांनी पाहिले असतील. त्यांत सोने नाही. तरीही पाणी खनिजे वाहून आणते आणि पोकळीत ठेवून जाते, हा नियम दोन्हीकडे एकच. म्हणून गावाकडून परतताना एखादा दगड घेऊन या, असे आम्ही मुलांना सांगतो. तो कोठे, किती खोलीवर सापडला, त्याच्या शेजारी काय होते, हे चिठ्ठीवर लिहून आणा. ती चिठ्ठी वाचल्याखेरीज आमच्या प्रयोगशाळेतून कोणताही दगड बाहेर टाकला जात नाही.