पीएच.डी.चा विद्यार्थी आणि त्याचा मार्गदर्शक



गडब-पेण परिसरातील आपली मुले-मुली आज अभियांत्रिकीच्या पदव्या घेत आहेत. परंतु एम.टेक.नंतर पीएच.डी.चा विषय निघाला की, "ते आपले काम नव्हे" असे उत्तर येते. हा न्यूनगंड दूर व्हावा म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

आपल्याच रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पवईची आय.आय.टी.ही दूर नाही. अनुसूचित जातीच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. वाट आहे, ती चालावयाची कशी, हे समजून घेतले पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या पदवीस किमान ३ व सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षे असतात. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ व सहायक प्राध्यापकाकडे ४ च विद्यार्थी घेता येतात. म्हणून अर्जापूर्वीच मार्गदर्शकाचे अलीकडील शोधनिबंध वाचावेत. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटून प्रबंध किती वर्षांत झाला, सर किंवा मॅडम नियमित वेळ देतात का, हे विचारावे. यात संकोच नको.

विषय आपल्या मातीतलाही असू शकतो. आपल्याकडे खारबंदिस्ती फुटली की खाडीचे पाणी भातशेतीत शिरते. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून बांधाची कमकुवत जागा संगणकाला आधी ओळखता येईल काय? हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो. मात्र या विषयात आजवर कोणी काय केले, त्यात उणीव कोणती आणि आपली पद्धत किती अचूक, हे आकड्यांनी दाखवावे लागते. फसलेला प्रयोगही तारखेसह वहीत नोंदवावा.

मार्गदर्शकाशी मतभेद झाला तर? आमच्या परिचयाचा एक विद्यार्थी अशा वेळी भिडेपोटी गप्प राहिला आणि त्याचे एक वर्ष वाया गेले. या बाबतीत बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. लंडन येथे प्रा. एडविन कॅनन हे त्यांचे मार्गदर्शक होते. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात परीक्षकांनी फेरबदल सुचविले. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत; १९२३ साली प्रबंध मान्य झाला. त्याच ग्रंथाला प्रा. कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि आपले मतभेदही तीत नमूद केले. शिष्याने पुरावा द्यावा, गुरूने तो तपासावा. दोघांनी एकमेकांचा मान राखावा. संशोधनाचे नाते असे असते.

यासाठी एक साधी सवय लावावी. प्रत्येक भेटीनंतर काय ठरले ते चार ओळींत लिहून मार्गदर्शकांना पाठवावे. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तेथे अडचण स्पष्ट सांगावी. लिहिलेली नोंद त्या वेळी आपल्या बाजूने उभी राहते.

पालकांनाही एक विनंती. मुलगी तिसऱ्या वर्षीही "अजून शिकतेच आहे" म्हणून तिला टोचून बोलू नका. घरात एक टेबल आणि रात्रीची शांतता तिला द्या. आपल्या गावातून एक जरी प्रबंध पुरा झाला, तरी मागून येणाऱ्या मुलांना विचारायला हक्काचे माणूस मिळेल.