मूल झोपतं त्या खोलीपासून

आई-बाबा, मुलाला दमा आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात पहिली बंदी येते ती दही, केळं आणि आइस्क्रीमवर, आणि पाठोपाठ खेळावर. यातल्या बहुतेक बंद्या मुलावर उगाचच लादलेल्या असतात. एखाद्या पदार्थाने खरोखरच त्रास होतो असं दिसलं, तर तेवढाच टाळा. त्यापेक्षा आधी मूल झोपतं ती खोली बघा. रोज रात्रीचे आठ-दहा तास त्याचं नाक त्या उशीत असतं.

जुनी गादी, गोधडी, ब्लँकेट यांत डस्ट माइट नावाचे जीव राहतात. आकार साधारण पाव मिलिमीटर, म्हणून दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कणांवर ते जगतात. ते चावत नाहीत, पण त्यांची विष्ठा श्वासातून आत गेली की अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या श्वासनलिका सुजतात. त्यांना दमट हवा लागते, त्यामुळे मुंबई-कोकणातलं वातावरण त्यांना मानवतं. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा चांगल्या गरम पाण्यात, म्हणजे ५५ ते ६० अंशांच्या, धुवा. गादी-उशीला चेनचं बंद कव्हर घाला. मऊ खेळणी एक-दोनच ठेवा आणि तीही धूत जा. मात्र नुसत्या कव्हरने फारसा फरक पडत नाही, ही सगळी कामं मिळून उपयोग होतो. हवा शुद्ध करणारं महागडं यंत्र घ्यायच्या आधी एवढं करून बघा.

गादी खोलीतच झटकू नका, फर्निचर ओल्या फडक्याने पुसा. दिवाळीपूर्वी माळा काढायचा असेल त्या दिवशी मुलाला आजोळी किंवा शेजारी पाठवा.

भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेत, कोपऱ्यात काळे ठिपके पडलेत? ती बुरशी. तिच्यावर रंग मारला तर पुढच्या पावसात ती परत येते. आधी गळती शोधा. वरच्या मजल्यावरचा पाइप, गच्ची, खिडकीची चौकट, कुठूनही पाणी झिरपत असेल. भाड्याचं घर असेल तर मालकांना मुलाचा आजार स्पष्ट सांगा, संकोच करू नका. पावसाळ्यात ओले कपडे त्याच्या खोलीत वाळत घालू नका.

आता धुराबद्दल, आणि इथे मला जरा कळकळीने बोलायचंय. डास चावू नयेत म्हणून आपण मुलाच्या उशाशी कॉइल लावतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा. उदबत्ती आणि धुपाचा विषय घरातल्या आजींशी नीट बसून बोला. देवापुढे निरांजन आणि फुलं असली तरी पूजा पूर्ण होते, हे त्यांना सुनेने सांगण्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या मुलाने सांगितलेलं बरं. फोडणी देताना खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा फेकणारा आणि मूल दुसऱ्या खोलीत. आणि बाबा, गॅलरीत ओढलेली सिगारेटसुद्धा कपड्यांबरोबर आत येते. ती सोडायला मदत लागत असेल तर डॉक्टरांकडे मागा.

एवढं करूनही घर औषधाची जागा घेऊ शकत नाही. रोजचा पंप (इन्हेलर) सुरू असेल तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तो मनानेच बंद करू नका. पंपाची सवय लागते हा समज मुलांचं फार नुकसान करतो. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं आणि थेट श्वासनलिकेत पोहोचतं. लहान मुलांना ते स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून द्या, नाहीतर बरंचसं तोंडातच राहतं.

मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तातडीच्या पंपाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी रुग्णालय गाठा. निघतानाही पंप सोबत असू द्या, वाटेत देता येतो. शाळेतल्या बाईंनाही ही लक्षणं लिहून द्या आणि दप्तराचा कोणता कप्पा पंपाचा, ते मुलाच्या देखतच दाखवा.