झडपेतलं कॅल्शियम दुधातून येत नाही

हृदयाच्या इकोच्या रिपोर्टमध्ये ‘कॅल्सिफाइड एऑर्टिक व्हॉल्व्ह’ असं लिहून आलं, की दुसऱ्या दिवसापासून घरात दूध बंद. मग दही, नाचणी, आणि हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही. ‘‘डॉक्टर, मी कॅल्शियम पार सोडलं,’’ हे पेशंट इतक्या कौतुकानं सांगतात, की रागवायचं जिवावर येतं. पण रागवावं लागतंच.

मध्यंतरी सत्तरीच्या एक आजी आल्या. मुलानं पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. लिंबू, आलं, लसूण, सफरचंदाचं व्हिनेगर आणि मध. मोबाइलवर आलेला उपाय, आठ महिने रोज दोन चमचे. गिझरच्या कॉइलवरचा क्षार व्हिनेगरनं निघतो, मग झडपेवरचा का निघू नये, हा त्याचा हिशेब. अहो, कॉइल निर्जीव असते. झडप जिवंत आहे.

एऑर्टिक झडपेच्या पाकळ्या एक मिलिमीटरहूनही पातळ, आणि दिवसाला लाखभर वेळा उघडमीट करणाऱ्या. त्यांच्या आतल्या पेशी एरवी डागडुजीचं काम करतात. वर्षानुवर्षांचा ताण, कोलेस्टेरॉल, आनुवंशिक लायपोप्रोटीन-ए आणि सूज यांमुळे या पेशींना मिळणारे रासायनिक संदेश बदलतात. हाड घडताना जे बीएमपी आणि डब्ल्यूएनटी नावाचे संदेशमार्ग चालतात, तेच इथे सुरू होतात, आणि डागडुजी करणारी पेशी हाडाच्या पेशीसारखी वागू लागते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या काही झडपांत तर चक्क हाड सापडलंय, आत मज्जेसकट! नॉच-१ नावाचा मार्ग या सगळ्याला लगाम घालतो. त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या कुटुंबांत दोन पाकळ्यांची झडप आणि तिच्यात साठणारं कॅल्शियम पिढ्यान् पिढ्या दिसतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं.

म्हणजे दूध सोडून हाती काय लागतं? ठिसूळ हाडं. यातल्या बहुतेकांच्या रक्तातलं कॅल्शियम नॉर्मलच असतं. किडनीचा जुना आजार असेल तर गोष्ट वेगळी. गोळ्या कुणाला किती लागतात ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मनानं सुरू करू नका, मनानं बंदही करू नका.

कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिननं झडप सुधारेल अशी आम्हा डॉक्टरांनाही आशा होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अठराशेहून अधिक पेशंटच्या ‘सीज’ चाचणीत ती फोल ठरली. जिथे एवढी तपासलेली औषधं हरली, तिथे बरणीतला काढा काय करणार? (तुमची स्टॅटिनची गोळी मात्र चालू ठेवा, ती रक्तवाहिन्यांसाठी आहे.)

आता घाबरलेल्यांसाठी. रिपोर्टमध्ये ‘माइल्ड’ लिहिलं असेल तर रात्रीची झोप घालवू नका. अनेकांची झडप वर्षानुवर्षं फारशी बिघडत नाही. ठरलेल्या वेळी इको करत राहा. झडपेतून जाणारी, एरवी तीन-चार चौरस सेंटिमीटर असणारी वाट आकसून एकाच्या खाली आली, की आजार तीव्र समजतात.

चालताना धाप, छातीत दडपण, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी किंवा भोवळ, यांतलं एकही दिसलं तर थांबायचं नाही. पण पेशंट म्हणतात, ‘‘मला काही त्रास नाही.’’ त्या आजीही तेच म्हणाल्या. मी विचारलं, ‘‘गेल्या दिवाळीत गच्चीवर वाळवण घालायला जात होतात, आता?’’ ‘‘आता सूनबाई जाते.’’ त्रास नव्हता, कारण आजींनी जिनाच सोडला होता. वय झालं, एवढंच घरच्यांना वाटत होतं.

आणखी एक. छातीत दुखलं म्हणून शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. आकसलेल्या झडपेत त्यानं रक्तदाब धाडकन कोसळू शकतो.

तीव्र आजारात त्रास सुरू झाल्यावर झडप बदलणं हाच उपाय. छाती उघडून, किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून, जे फ्रान्समध्ये पहिल्यांदा २००२ मध्ये झालं. खर्च मोठा आहे, तेव्हा योजना आणि विमा यांची चौकशी आधीच करून ठेवा. आजींची झडप बदलली. बरणीचं काय करायचं, असं मुलानं विचारलं. लसूण आमटीला वापरा म्हटलं. आणि तुमच्या आईच्या झडपेला जन्मतःच दोन पाकळ्या होत्या, तेव्हा तुम्ही आणि तुमच्या बहिणीनं एकदा इको करून घ्या. तो अजून आलेला नाही.