बॅट फाइल चालते, सर्व्हिस का नाही?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात ऑर्डरींची नोंद टॉमकॅट ९ वर होते. जावा अपडेट केल्यापासून विंडोज सर्व्हिस सुरूच होत नाही. स्टार्टअपची बॅट फाइल मात्र नीट चालते. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बॅट फाइल चालते, म्हणजे तुमचा प्रोग्राम शाबूत आहे, आधी ती धास्ती सोडा. बॅट फाइल दर वेळी ‘जावा होम’ बघून जावा शोधते. सर्व्हिस तसे करत नाही. ती बसवली त्या दिवशीचा ‘जेव्हीएम डॉट डीएलएल’चा पत्ता रजिस्ट्रीत लिहिलेला असतो. अपडेटने जुने फोल्डर काढले, की तो पत्ता खोटा ठरतो. टॉमकॅटच्या ‘बिन’ फोल्डरमधली ‘टॉमकॅट९डब्ल्यू’ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘जावा’ टॅबवर नवा पत्ता द्या. नवे जावा ३२ बिट आणि सर्व्हिस ६४ बिट असेल, तरी हेच दुखणे उद्भवते.

तरीही अडले, तर ‘लॉग्ज’ फोल्डरमधली ‘कॉमन्स-डीमन’ नावाची आजच्या तारखेची फाइल वाचा. विंडोजच्या त्रोटक संदेशापेक्षा ती कितीतरी जास्त सांगते. आणि सर्व्हिस तपासताना बॅट फाइलची खिडकी आधी बंद करा. ८०८० पोर्ट तिनेच धरून ठेवलेले असते.