वायर तशीच राहू दे म्हणाले तर

पेसमेकरच्या जागी पू झाला, तर तो गोळ्या-मलमाने बरा होत नाही. वरवर बरा झाल्यासारखा दिसतो. माझाही दिसला होता.

मी एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेला माणूस. हार्ट ब्लॉक निघाला म्हणून नोकरीत असतानाच पेसमेकर बसवला. दहा-बारा वर्षांनी बॅटरी संपत आली तशी बदलून घेतली. वायरी जुन्याच ठेवल्या, पद्धतच तशी आहे. घरी आलो आणि जखमेखाली रक्त साकळून गाठ आली. ती सुईने ओढून काढली गेली. हे करायचं नसतं, असं मला पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी सांगितलं, कारण सुईबरोबर बाहेरचे जंतू आत जाऊ शकतात. तशीही अशी मोठी गाठ झालेल्यांमध्ये पुढे इन्फेक्शनचा धोका सातपटीहून जास्त असतो, असं कॅनडातल्या डॉक्टरांच्या अभ्यासात दिसलं आहे.

मग सुरू झाली लाली, गोळ्यांचा कोर्स, जरा बरं, पुन्हा लाली. मधेच एकदा जखम उघडून धुऊन परत टाके. ‘रत्नागिरीची दमट हवा, सुकायला वेळ लागणारच,’ हेही ऐकलं. शेजारचे आप्पा म्हणाले, “सेकंडहँड मशीन बसवलंनी असणार तुला.” त्यांचा राग खरा होता, पण निशाणा चुकला. अमेरिकेतून आलेली वापरलेली शॉक देणारी यंत्रं निर्जंतुक करून मुंबईतल्या 81 गरीब रुग्णांना बसवली होती आणि त्यात एकालाही इन्फेक्शन झालं नाही, हे 2012 साली छापून आलं आहे.

अखेर कातडी पातळ होऊन वायरीचं वेटोळं बाहेर दिसू लागलं. तेव्हा सल्ला मिळाला, की वायर कापू, टोक आत ढकलू आणि वरून शिवून टाकू. हा सल्ला तुम्हाला कोणी दिला, तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. जंतू धातूवर आणि वायरीच्या आवरणावर चिकट थर करून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. म्हणून बॅटरीच्या कातडीखालच्या खिशात इन्फेक्शन असेल, तर बॅटरी आणि सगळ्या वायरी काढायच्या, हाच जगभरचा ठरलेला नियम आहे. कापलेली वायर नंतर काढणं आणखी कठीण, कारण धरायला टोकच उरत नाही. आणि उशीर महागात पडतो. अमेरिकेतल्या 11 हजारांहून जास्त वयस्क रुग्णांच्या नोंदी 2023 साली प्रसिद्ध झाल्या. इन्फेक्शन कळल्यापासून सहा दिवसांत ज्यांचं सगळं काढलं, त्यांच्यात मृत्यू कमी दिसले. पण पाचांतल्या चौघांचं तीस दिवसांतही काढलं गेलं नव्हतं. म्हणजे हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही.

आता वायर निघते कशी? वर्षाच्या आतली बरेचदा नुसती ओढून येते. जुन्या वायरीभोवती शिरेच्या भिंतीपासून हृदयापर्यंत तंतूंचं वेष्टण चढतं, कधी त्यात चुनाही साचतो. गंजून बसलेला नट जोर लावून फिरवला की बोल्टच तुटतो, तसं इथे जोराने ओढलं की शीर किंवा हृदयाची भिंत फाटते. पूर्वी वायरीला वजन बांधून, कप्पीवरून दिवसेंदिवस ताण देत ठेवत. हल्ली वायरीच्या आत एक बारीक तार सरकवून आतून घट्ट पकडतात, आणि बाहेरून नळी चढवत चढवत वेष्टण सोडवतात. ती नळी साधी असते, लेझरची असते किंवा टोकाला फिरणारं पातं असलेली असते. तुटलेला तुकडा मांडीच्या शिरेतून फास टाकून धरतात.

लेझर की पातं, यावर लोक उगाच वाद घालतात. 1999 साली छापलेल्या एका तुलनेत लेझरने 94 टक्के वायरी पूर्ण निघाल्या, साध्या नळीने 64 टक्के. पण तेव्हा फिरणारी पाती आजच्यासारखी नव्हती, आणि चुना साचलेल्या जागी लेझर अडतो. माझ्या मते हत्यारापेक्षा हात बघावा. युरोपच्या 19 देशांतल्या 3555 रुग्णांच्या नोंदीत शस्त्रक्रियेमुळे झालेले मोठे अपघात 1.7 टक्के आणि मृत्यू अर्धा टक्का होते; वायरी काढण्याच्या वर्षाला तीसहून कमी केसेस करणाऱ्या केंद्रांत मृत्यू जास्त होते.

म्हणून प्रश्न सरळ विचारा: वर्षाला किती काढता? हृदयाचा सर्जन त्या वेळी त्याच मजल्यावर आहे का, की फोनवर? वरची मोठी शीर फाटली तर हातात मोजकीच मिनिटं असतात. रक्त तयार आहे का? पेसमेकरवरच चालणारं हृदय असेल तर मधल्या काळात तात्पुरती वायर कुठून घालणार? मुंबईत माझ्या वायरी काढल्या तेव्हा ती मानेतून घातली होती, आणि नवीन यंत्र रक्ताचं कल्चर निगेटिव्ह आल्यावर उजव्या बाजूला बसवलं. रत्नागिरीहून मुंबईला निघण्यापूर्वी सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठून तिच्यात हे बसतं का ते विचारून घ्या; लेझरची नळी एकदाच वापरायची आणि महागडी असते.

एक सावधगिरी उलट्या बाजूचीही आहे. इन्फेक्शन नसताना नुसती खराब झालेली वायर काढायलाच हवी असं नाही. वय, वायरीचं वय आणि शिरेत उरलेली जागा बघून ती राहू देणंही योग्य ठरतं. शॉक देणाऱ्या यंत्राची जाड वायर काढणं तर जास्तच अवघड.

बॅटरी बदलल्यापासून जखमेचा रोज मोबाईलवर फोटो काढा, तारखेसह. लाली, ऊब, गाठ, पातळ कातडी किंवा विनाकारण ताप, यातलं काही दिसलं तर आधी रक्ताचं कल्चर घ्यायला सांगा, त्यानंतर अँटिबायोटिक. आधीच गोळ्या सुरू झाल्या तर जंतू सापडत नाही आणि औषध अंदाजाने चालतं. काढलेल्या वायरीचं टोक कल्चरला पाठवतात. तो रिपोर्ट मागून घेऊन पेसमेकरच्या कार्डासोबत ठेवा.