व्यसनाचं काय शिकायचं असतं?

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. व्यसन या विषयात पुढचं शिक्षण घेता येतं, असं मी म्हणालो तर मित्र म्हणाले, "त्यात शिकायचं काय? आपल्याकडे कित्येक जण न शिकताच त्यात पारंगत आहेत." गावात दारूबंदी आहे, तरी पिणारे पितातच. कुणी माळ घालून सोडतं, कुणाला देवाची शपथ घालतात. असं शिक्षण खरंच असतं का? आमच्या भागात त्याचा उपयोग काय?
— एक वाचक, राजूर (ता. अकोले, जि. अहिल्यानगर)

उत्तर : असतं. पण कुठे ते नंतर, आधी त्यात काय शिकवतात ते पाहू. उपयोग आपोआप कळेल.

रोज भरपूर पिणारा माणूस शपथ घेतो आणि दारू एकदम बंद करतो. त्याचे हात थरथरू लागतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना फिट येते, समोर नसलेली माणसं दिसतात. घरच्यांना वाटतं, बाहेरची बाधा झाली. वैद्यकात या अवस्थेला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास तीत माणूस दगावू शकतो. दारू मेंदूला मंदावते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःला जास्तच चेतवून ठेवायला शिकलेला असतो. दारू अचानक थांबली की ती चेतना मोकाट सुटते. अशा रुग्णाला सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. तेव्हा माळ घालायला हरकत नाही, पण रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टरांना दाखवावं.

दुसरा धडा व्यसन ओळखण्याचा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीत त्याची ११ लक्षणं दिली आहेत : तलब येणं, ठरवूनही कमी न होणं, कामधंदा बुडणं वगैरे. वर्षभरात त्यांतली दोन-तीन दिसली तर त्रास सौम्य, सहा किंवा जास्त दिसली तर तीव्र. तंबाखूसाठी फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची प्रश्नावली आहे. तिच्यातला एक कळीचा प्रश्न म्हणजे, सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट लागते? चुलीपुढे बसून आधी मिश्री लावणाऱ्या आजीलाही हाच प्रश्न विचारता येतो. तिला कुणी व्यसनी म्हणत नाही, पण भाजलेल्या तंबाखूतही निकोटिन असतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत तर व्हिडिओ गेमचं व्यसनही आलं आहे.

आता दारूबंदी. २००८ च्या नियमांनुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला कौल दिला, तर परवान्याचं दुकान बंद होतं. त्याने पोरासोरांच्या हाती दारू सहज लागत नाही, हा फायदा मोठाच. पण ज्याला व्यसन आधीच जडलंय, त्याची तलब ठरावाने जात नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरीही २०१६ मध्ये तिथे 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू करावा लागला. गावोगावच्या संघटना आणि व्यसनींवर उपचार अशी दोन्ही कामं त्यात एकत्र चालतात.

उपचार करणारी माणसं मात्र फार थोडी आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळते. त्यावर गोव्यात एक प्रयोग झाला. 'संगथ' संस्थेने मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकींत बोलायला लावलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याबाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं.

आता वाटा. एम.डी. मानसोपचार झालेल्या डॉक्टरांसाठी व्यसनोपचारातली डी.एम. ही तीन वर्षांची पदवी आहे. दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निम्हान्स आणि चंडीगडचं पीजीआय इथे ती मिळते. लंडनच्या किंग्ज कॉलेजने या विषयात एम.एस्सी.ही चालवली आहे. तुमच्यासाठी जवळची वाट म्हणजे समाजकार्य (एम.एस.डब्ल्यू.) किंवा मानसशास्त्रात एम.ए. करायचं आणि प्रकल्प, क्षेत्रकार्य व्यसनावरच घ्यायचं. सोबत व्यसनमुक्ती केंद्रात काम. पुण्यातलं 'मुक्तांगण' डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच इतरांना सावरायला उभी राहतात, आणि कुटुंबालाही उपचारात धरलं जातं. पदवीच्या पुस्तकात हे वाचता येतं, पण अंगवळणी पडतं ते तिथे वावरल्यावर.

प्रवेश घेण्याआधी प्रत्येक संस्थेला एवढंच विचारा : रुग्णांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर किती महिने काम करावं लागेल? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी संस्था पाहा. आणि शिकून परत या. डोंगरातल्या पाड्यावरच्या माणसाशी त्याच्याच बोलीत बोलणारा समुपदेशक पुण्या-मुंबईहून आणता येत नाही.