सिकलसेल : एका अक्षराचा शोध

विदर्भातील आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आढळतात. दोष असतो हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकातील एकाच अक्षराचा : 'ए'च्या जागी 'टी'. सुमारे ३०० कोटी अक्षरांतून तो कसा शोधतात?

पीसीआरने. नमुन्यातून डीएनए वेगळा काढतात. ९५ अंशांच्या आसपास त्याचे दोन धागे सुटतात. तापमान उतरवताच प्रायमर हे छोटे तुकडे नेमक्या जागी चिकटतात. मग एन्झाइम नवा धागा जोडते. दर फेरीत प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एकाच्या १०० कोटींहून अधिक. पुढे दुसऱ्या एन्झाइमने पाहतात : निर्दोष तुकडा त्या जागी कापला जातो, सिकलचा कापला जात नाही. १९८५ साली ही पद्धत प्रथम प्रसिद्ध झाली, ती याच आजाराच्या निदानासाठी!

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेच्या पेशींवर ही तपासणी करता येते. लग्नाआधी मात्र साधी सोल्युबिलिटी चाचणी आणि गरज पडल्यास इलेक्ट्रोफोरेसिस पुरते. वाहक म्हणजे रोगी नव्हे. लपविण्यासारखे त्यात काही नाही.

कुंडली पाहणे आपण केव्हाच सोडले. आता लग्नाआधी दोघांचेही रक्त तपासून घेऊ या.